आजीची माया आणि आईबापांचा अधिकार

दुधापेक्षा दुधावरची साय गोड, असे आपल्याकडे म्हणतात. पोटच्या मुलापेक्षा त्या मुलाचे मूल अधिक लाडके असते, हा त्याचा अर्थ. आजीने नातवाला न्हाऊ घालावे, गुटी उगाळून द्यावी, रात्री कुशीत घेऊन गोष्ट सांगावी, यासारखे सुख मुलाला दुसरे नाही. पण याच मायेतून कधी कधी घरात मोठा पेच उभा राहतो. आई म्हणते, पोराला शाळेत पाठवायचे. आजी म्हणते, राहू दे आज, अंग कोमट लागते आहे. बाप मुलाला रागे भरतो. आजी त्याला पदराखाली घेते आणि मुलाच्या देखतच बापाला चार शब्द सुनावते. सून बोलली तर ती उद्धट ठरते, आणि न बोलली तर मूल हातचे जाते. मूल कुणाचे, आणि त्याच्या बाबतीत शेवटचा शब्द कुणाचा, हा तो पेच.

हा पेच आजचा नाही, आणि एकट्या आपल्या घरांतला तर नाहीच नाही. गरिबाघरची सासूसुनेची भांडणे चुलीपाशी पेटतात आणि चुलीपाशीच विझतात. त्यांची नोंद कोण ठेवणार? राजवाड्यातल्या माणसांनी मात्र पत्रे लिहिली, आठवणी लिहिल्या, आणि ती कागदपत्रे टिकून राहिली. म्हणून आज मी तुम्हाला युरोपातल्या दोन राजघराण्यांत नेणार आहे. एक रशियाचे, दुसरे ऑस्ट्रियाचे. राज्य, तख्त, लढाया हे सारे थोडे बाजूला ठेवून आपण त्यांच्या पाळण्याकडे पाहू.

रशियापासून सुरुवात करू. कॅथरिन ही मुळात जर्मनीतल्या एका लहानशा संस्थानिक घराण्यातली मुलगी. १७२९ साली जन्मली, १७४४ साली रशियात आली, आणि पुढच्याच वर्षी तिचे लग्न रशियाच्या गादीचा वारस पीटर याच्याशी झाले. गादीवर तेव्हा एलिझाबेथ महाराणी होती. ही पीटरची सख्खी मावशी, म्हणजे आपल्या नात्याने कॅथरिनची मावससासू. एलिझाबेथला मूलबाळ नव्हते. राज्याला वारस हवा म्हणून तिने भाच्याला आणले, सून आणली, आणि मग वाट पाहत बसली. नऊ वर्षांनी, १७५४ साली, कॅथरिनला मुलगा झाला. त्याचे नाव पॉल.

त्या दिवशी काय घडले ते कॅथरिनने पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. मूल जन्मताच एलिझाबेथने सुइणीला ते उचलायला सांगितले आणि ती त्याला आपल्या महालात घेऊन गेली. तिच्यामागे सारी माणसे गेली. बाळंतीण तिथेच पडून राहिली. दारे-खिडक्यांतून वारा येत होता. तिने प्यायला पाणी मागितले. पण महाराणीच्या परवानगीवाचून तिला हलवायची किंवा काही द्यायची कुणाची छाती होईना. मुलाच्या नामकरणाच्या दिवशी एलिझाबेथने सोन्याच्या तबकातून तिला एक हुकूमनामा आणून दिला: एक लाख रूबल बक्षीस. मूल मात्र दिले नाही. आपले मूल तिला नीट पाहायला मिळाले ते चाळीस दिवसांनी, आणि तेही थोड्या वेळापुरते.

एलिझाबेथची माया खोटी होती का? मुळीच नाही. मूल रडले की ती स्वतः धावत जाई. पण तिच्या मायेला अकलेची जोड नव्हती. अतिशय तापवलेल्या खोलीत, लोकरी कापडात गुंडाळून, काळ्या कोल्ह्याच्या कातड्याचे अस्तर लावलेल्या पाळण्यात त्या बाळाला ठेवले जाई आणि वरून जाड रजया घातल्या जात. मूल घामाने निथळत असे. पुढे जरा वारा लागला की ते आजारी पडे. आई हे पाहत होती, तिला कळत होते. पण तोंड उघडायची सोय नव्हती. आपण कुठे काळजी व्यक्त केली, तर ती महाराणीवर अविश्वास दाखवल्यासारखी होईल, अशी तिला भीती. मंडळी, ही भीती तुमच्या ओळखीच्या एखाद्या सुनेला नवी वाटेल का?

इथपर्यंत कॅथरिनची बाजू आपल्याला पटते. आता पुढचे ऐका.

१७६२ साली एलिझाबेथ वारली. पीटर गादीवर आला, पण सहाच महिन्यांत कॅथरिनने सैन्याच्या मदतीने त्याला पदच्युत केले आणि ती स्वतः महाराणी झाली. थोड्याच दिवसांत पीटरचा कैदेत अंत झाला. पॉल तेव्हा सात वर्षांचा होता. आईमुलाचे सूत कधीच जुळले नाही. लहानपणी ज्याला आईच्या मांडीवर बसू दिले नाही, त्याला ती मोठेपणी परकी वाटली यात नवल नाही. शिवाय आपल्या बापाच्या मृत्यूची शंका त्याच्या मनात होती, आणि हा मोठा झाल्यावर आपली गादी मागेल ही शंका तिच्या मनात.

पॉलचे पहिले लग्न १७७३ साली झाले. ती मुलगी तीन वर्षांत बाळंतपणात दगावली. १७७६ साली दुसरे लग्न झाले. ही सूनही जर्मन घराण्यातलीच. रशियात तिचे नाव मारिया फ्योदोरोव्हना ठेवले. १७७७ च्या डिसेंबरात तिला पहिला मुलगा झाला. आजी झालेल्या कॅथरिनने त्याचे नाव अलेक्झांडर ठेवले, आणि मुलाला उचलून आपल्याकडे नेले. जे तेवीस वर्षांपूर्वी तिच्या नशिबी आले होते, तेच तिने आपल्या सुनेच्या नशिबी आणले. नातवाच्या जन्माच्या आनंदात तिने मुलाला आणि सुनेला राजवाड्याजवळच जमीन दिली. तिथे पुढे पाव्हलोव्हस्क नावाचा सुंदर महाल उभा राहिला. एकीला सोन्याच्या तबकातून रूबल मिळाले, दुसरीला जमीन मिळाली. मूल दोघींनाही मिळाले नाही. चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे असे आपण म्हणतो. पण सुनेचे चार दिवस आले म्हणजे घरात न्याय येतोच असे नाही. जिने सोसले, ती सोसलेले विसरते. किंवा विसरत नाही, आणि आता आपली पाळी आली असे म्हणते.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. कॅथरिन ही एलिझाबेथसारखी अडाणी आजी नव्हती. मुलांच्या संगोपनावर तिने पुष्कळ वाचले होते, विचार केला होता. तापवलेल्या खोलीचे आणि कातड्याच्या पाळण्याचे परिणाम तिने पाहिले होते. म्हणून अलेक्झांडरची खोली तिने थंड, मोकळ्या हवेची ठेवली. त्याला साधा लोखंडी पलंग दिला, पाळण्याचे हिंदोळे बंद केले, रोज आंघोळ घातली, मऊ गाद्यांची सवय लागू दिली नाही. झटकन घालता-काढता येईल असा एका तुकड्याचा अंगरखा तिने स्वतः बेतून शिवून घेतला. नातवासाठी तिने अक्षरओळखीचे पुस्तक तयार केले आणि १७८१ साली क्लोर नावाच्या राजपुत्राची गोष्ट लिहिली. देवीच्या रोगापासून बचावासाठी टोचून घेण्याची त्या काळची जी रीत होती, ती इंग्रज डॉक्टर डिम्सडेल याच्याकडून तिने नातवांना करवली. १७८४ साली मुलांच्या शिक्षणाबद्दल तिने एक सविस्तर सूचनापत्र लिहिले. मुलांना मारू नये, भिववू नये, त्यांच्याशी किंवा त्यांच्यासमोर खोटे बोलू नये, असे त्यात आहे. ला हार्प नावाचा विद्वान स्विस गृहस्थ तिने शिक्षक म्हणून नेमला. शिक्षक बंधुभगिनींनी आजही वाचावे असे त्या सूचनापत्रात पुष्कळ आहे.

मग चुकले कुठे? कॅथरिनचे ज्ञान चुकले नाही, तिची माया चुकली नाही. तिने मुलाच्या आईबापांना त्यांच्या जागेवरून उठवले, हे चुकले. पॉल आणि मारिया यांना आपल्या मुलांना भेटायचे तर तिच्या सोयीने भेटावे लागे. १७७९ साली दुसरा मुलगा झाला. तुर्कांकडून कॉन्स्टँटिनोपल घेऊन तिथे नवे ग्रीक राज्य स्थापायचे असा कॅथरिनचा बेत होता. म्हणून तिने त्या तान्ह्या पोराचे नाव कॉन्स्टंटाइन ठेवले आणि त्याला ग्रीक दाया आणल्या. पोराने मोठेपणी काय व्हायचे ते पाळण्यातच ठरले, आणि ते ठरवले आजीने. १७८१ साली पॉल आणि मारिया युरोपच्या प्रवासाला निघाले, तेव्हा मुलांना मागे ठेवताना त्या आईला मूर्च्छा आली. १७८३ साली त्यांना पहिली मुलगी झाली, आणि आजीने मुलाला आणखी एक मोठी जहागीर दिली, गाचिना नावाची, राजधानीपासून सुमारे पंचेचाळीस किलोमीटर दूर. देणगीही झाली, आणि मुलगा दूरही गेला.

१७८७ साली कॅथरिन दक्षिणेत क्रिमियाच्या मोठ्या दौऱ्यावर निघाली, तेव्हा दोन्ही नातवांना बरोबर न्यायचे तिच्या मनात होते. आईबापांनी विनवण्या केल्या, की लांबचा प्रवास आहे, हिवाळा आहे, मुलांना नेऊ नका. कॅथरिनने उत्तर दिले ते असे, की मुले तुमची आहेत, माझी आहेत, आणि राज्याचीही आहेत. बोलणे किती गोड! पण तिघांची म्हटलेली वस्तू शेवटी कुणाच्या हातात राहते? ज्याच्या हाती सत्ता असते त्याच्या. तेवढ्यात मुलेच आजारी पडली आणि दौरा त्यांच्याविनाच निघाला.

आता त्या मुलाकडे पाहू. कारण मोठ्यांच्या ओढाताणीत कुणी त्याच्याकडे पाहतच नाही. अलेक्झांडर मोठा होऊ लागला. आजीच्या दरबारात फ्रेंच पोशाख, विद्वानांची बोलणी, हसणे-खिदळणे. तिकडे गाचिनाला बापाची छावणी: प्रशियन पद्धतीचा गणवेश, पहाटेची कवाईत, कडक शिस्त. आजी बापाच्या कवाईतीची चेष्टा करी. बाप आजीच्या दरबाराचा तिरस्कार करी. पोर दोन्हीकडे जाई. सकाळी घट्ट गणवेश आणि संध्याकाळी रेशमी पोशाख. आजीसमोर आजीला आवडेल ते बोलायचे, बापासमोर बापाला. दोघांपैकी कुणापाशी मनातले बोलायची सोय नाही. क्ल्युचेव्हस्की या मोठ्या रशियन इतिहासकाराने हे नेमके हेरले आहे. या मुलाला दोन बुद्धींनी जगावे लागले, दोन चेहरे बाळगावे लागले, असे तो सांगतो. मुलांसमोर खोटे बोलू नका, असे लिहिणाऱ्या आजीच्याच घरात मुलाला दुटप्पीपणाचे रोज धडे मिळत होते, आणि ते त्याने फार चांगले गिरवले. पंधराव्या वर्षी, १७९३ साली, आजीनेच निवडलेल्या चौदा वर्षांच्या मुलीशी त्याचे लग्नही झाले.

१७९६ साली प्रकरण टोकाला गेले. मुलाला वगळून एकदम नातवाला गादी द्यायची, असे कॅथरिनने मनात आणले. रशियात तेव्हा १७२२ चा कायदा होता. राज्यकर्त्याने हवा तो वारस नेमावा, असा. कॅथरिनने सुनेपुढे कागद ठेवला. पॉलने गादीवरचा हक्क सोडावा, या मागणीला मारियाने सही द्यावी. मारिया नुकतीच बाळंत झाली होती. तिचा मुलगा निकोलस काही दिवसांचा होता. वीस वर्षे सासूसमोर मान खाली घालून वावरलेली ही बाई. तिची दोन्ही मोठी मुले सासूने नेली, आणि तिने तोंडातून शब्द काढला नव्हता. पण या वेळी तिने नकार दिला. नवऱ्याविरुद्ध आणि मुलाला बापाविरुद्ध उभे करणाऱ्या कागदावर ती सही करीना. या साऱ्या कहाणीत पहिल्यांदा कुणीतरी स्पष्ट 'नाही' म्हटले, ते तिने.

नातवाने काय केले? सप्टेंबरात आजीने त्याच्याजवळ विषय काढला. त्याने तिला आभाराचे मोठे नम्र पत्र लिहिले; त्यातून होकार म्हणावा तर होकार, आणि नाही म्हणावे तर काहीच नाही. त्याच सुमारास बापाच्या विश्वासातल्या अधिकाऱ्याला लिहिलेल्या पत्रात मात्र त्याने बापाचा उल्लेख 'सम्राट' म्हणून केला, जणू बाप गादीवर बसलाच आहे. अठरा वर्षांचे पोर! दोन चेहरे कसे तयार झाले होते ते यावरून दिसते.

नोव्हेंबर १७९६ मध्ये कॅथरिन अचानक वारली आणि पॉल गादीवर आला. १७९७ साली राज्याभिषेकाच्या दिवशीच त्याने नवा वारसा कायदा जाहीर केला. गादी बापाकडून थोरल्या मुलाकडे जाईल. कुणाच्या मर्जीवर ती राहणार नाही. हा मसुदा पॉल आणि मारिया या नवराबायकोने मिळून १७८८ सालीच सही करून ठेवला होता. घरातली जखम कायद्यात उतरली ती अशी. तो कायदा १९१७ साली राजेशाही जाईपर्यंत टिकला. आईने आपल्या आणि मुलाच्या मध्ये येऊ नये, ही मर्यादा पॉलला घरात बोलता आली नाही. ती त्याने साऱ्या साम्राज्याला घालून दिली.

पण मुलाचे काय? ते हातातून गेले होते. पॉलचा कारभार लहरी आणि संशयी निघाला, आणि सरदारांनी कट केला. त्याला पदच्युत करण्याचा बेत अलेक्झांडरला ठाऊक होता. बापाच्या जिवाला धक्का लागू नये, एवढे त्याने बजावले होते. मार्च १८०१ मध्ये एका रात्री कटवाले पॉलच्या शयनगृहात शिरले, आणि त्यात पॉल मारला गेला. तेवीस वर्षांचा अलेक्झांडर सम्राट झाला. त्या रात्रीची टोचणी त्याला जन्मभर राहिली. पुढे नेपोलियनचा पाडाव करणारा म्हणून जगाने त्याला डोक्यावर घेतले. पण याच्या मनात काय आहे ते कळत नाही, अशी तक्रार मित्र आणि शत्रू दोघेही करीत राहिले. पॉलच्या खुनाला आजी जबाबदार, असे मी म्हणत नाही. इतिहास इतका सोपा नसतो. पण बाप आणि मुलगा यांच्यामध्ये जे अंतर पडले, ते पाळण्यापासून पडत गेले होते, एवढे कागदपत्रे सांगतात.

आणि आईबापांच्या हाती मूल राहिले की सारे गोड होते, असेही समजू नका. धाकटा निकोलस आईबापांकडेच वाढला. त्याच्यासाठी बापाने नेमलेला लाम्सडॉर्फ हा पालक मुलाला छडीने बडवून काढी. अधिकार आईबापांचा, हे एक झाले. तो शहाणपणाने वापरायचा, हे दुसरे झाले. पहिल्याने दुसरे आपोआप येत नाही.

आता ऑस्ट्रियाकडे वळू. कारण तिथे एका सुनेने मर्यादा घालून पाहिली, आणि कशाने जमते, कशाने जमत नाही, ते तिच्या कहाणीत दिसते. १८५४ साली सम्राट फ्रान्झ जोसेफ याचे लग्न बव्हेरियातल्या एलिझाबेथशी झाले. ही सोळा वर्षांची. तिची सासू सोफी ही तिची सख्खी मावशीच. मुलाला अठराव्या वर्षी गादीवर बसवण्यात सोफीचा मोठा वाटा होता. दरबारात तिचा शब्द चाले. १८५५ साली मुलगी झाली. तिला आजीचेच नाव दिले गेले, आणि बाळंतघरातून ती आजीच्या दालनाशेजारच्या खोल्यांत गेली. १८५६ साली दुसरी मुलगी झाली, गिझेला, तीही तिकडेच. आईला मुलीकडे जायचे तर जिने चढून सासूच्या दालनात जावे लागे, आणि तिथे पाहुण्यांचा राबता.

१८५६ च्या उन्हाळ्यात नवराबायको प्रवासाला गेले. वाड्याबाहेर, सासूच्या नजरेआड, दोघांना निवांत बोलता आले. परतल्यावर मुलींच्या खोल्या आपल्या दालनाजवळ हलवाव्यात असे ठरले; आणि हे सासूला सुनेने कळवले नाही, मुलाने आईला पत्र लिहून कळवले. सोफी रागावली, पण खोल्या हलल्या. हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. सुनेने सांगितले असते तर ते भांडण झाले असते. पोटच्या मुलाने आदराने, पण ठामपणे सांगितले, म्हणून तो निर्णय झाला.

दुर्दैव असे, की हे यश वर्षभरही टिकले नाही. १८५७ साली आईने दोन्ही मुलींना हंगेरीच्या दौऱ्यावर नेले. मुली आजारी पडल्या, आणि दोन वर्षांची थोरली तिथे दगावली. एकोणीस वर्षांची आई खचून गेली. आपण मागितलेला अधिकार आपल्यालाच फळला नाही, असे तिला वाटले असावे. तिने धाकट्या मुलीवरचा हक्क सोडल्यासारखा केला, आणि १८५८ साली मुलगा रुडोल्फ झाला तोही पुन्हा आजीच्या देखरेखीखाली गेला. पुढे ती स्वतःच दूर दूर राहू लागली. मुलाच्या आजाराचे, मृत्यूचे खापर आईच्या कपाळी फोडणे किती सोपे असते, आणि त्याने आई कशी कायमची मागे हटते, हे आपल्या गावांतही पाहायला मिळते.

रुडोल्फ सहा वर्षांचा होताच त्याला गोंद्रेकूर नावाच्या लष्करी अधिकाऱ्याच्या हाती दिले. भित्र्या, नाजूक मुलाला कणखर करायचे म्हणून तो त्याच्याजवळ पिस्तुलाचे बार काढी, थंडीत कवाईत करवी. एकदा त्याने मुलाला रानडुकरांच्या आवारात बंद केले आणि डुक्कर आले म्हणून ओरडला. पोर आजारी पडत चालले. हे एलिझाबेथला कळले, तेव्हा ऑगस्ट १८६५ मध्ये तिने नवऱ्याला एक पत्र लिहिले. त्यात रडणे नाही, सासूची निंदा नाही. मुलांच्या भोवती कोण माणसे असावीत, मुलांनी कुठे राहावे, त्यांचे शिक्षण कसे व्हावे, हे मुले सज्ञान होईपर्यंत मी एकटीने ठरवीन, असे तिने लिहिले. हे मान्य नसेल तर मी इथे राहणार नाही, हेही त्यामागे होते. गोंद्रेकूर गेला, त्याच्या जागी लाटूर नावाचा समंजस पालक आला, आणि मुलगा त्याला जन्मभर धरून राहिला.

रुडोल्फचा शेवट चांगला झाला नाही. १८८९ साली त्याने स्वतःचा अंत करून घेतला. त्याला कारणे पुष्कळ होती. आईही मुलाला सोडवून पुन्हा आपल्या प्रवासाला निघून गेली होती. मर्यादा घालायची, पण मोकळी झालेली जागा आपण भरायची नाही, तर त्या मर्यादेचा मुलाला काय उपयोग?

मग या दोन घरांतून आपण काय घ्यायचे? आजी-आजोबांना घराबाहेर काढा, असे हा इतिहास सांगत नाही. आपल्याकडे शिवरायांचे पुत्र संभाजीराजे दोन वर्षांचे असताना, १६५९ साली, त्यांच्या मातोश्री सईबाई गेल्या. त्या पोरक्या नातवाला आजी जिजाऊंनी जवळ केले. तिथे आईची जागा रिकामी होती, आणि आजीने ती भरली. पीटर्सबर्गमध्ये आईची जागा भरलेली होती, आणि आजीने ती रिकामी केली. फरक एवढाच आहे, पण तो फार मोठा आहे.

म्हणून मर्यादा घालायची ती मायेला नव्हे, शेवटच्या शब्दाला. गोष्टी सांगणे, न्हाऊमाखू घालणे, सणावाराचे लाड, हा आजीचा मान आहे. तो तिला भरभरून द्यावा. पण शाळा, औषधपाणी, शिस्त, मुलीचे लग्नाचे वय, या गोष्टी आईबापांनी ठरवायच्या. हे सांगायचे ते लवकर सांगावे. वीस वर्षे गप्प राहून मग कागद फाडण्यापेक्षा पहिल्या महिन्यात दोन शब्द बोलणे सोपे असते. ज्याची आई, त्याने तिला सांगावे. बायकोला पुढे करून स्वतः ओसरीवर बसू नये. नेमकी गोष्ट सांगावी. 'तुम्ही आमच्यात ढवळाढवळ करता' असे म्हटले की भांडण होते. 'आई, बाळाला ताप आला तर आधी दवाखान्यात न्यायचे, असे आम्ही दोघांनी ठरवले आहे,' असे म्हटले की बोलणे होते. आणि हे मुलासमोर बोलू नये. आजी रागावेल, दोन दिवस जेवणार नाही, शेजारणीला सांगेल. रागावू द्या. तिचे ताट मात्र नेहमीसारखे वाढा, आणि संध्याकाळी मूल तिच्याच मांडीवर द्या. आपला अधिकार गेला, नातू गेला नाही, हे तिला त्यातून कळते. आणि आजीबाईंनो, तुम्हीही हे वाचत असाल, तर तुमचे पहिले बाळंतपण एकदा आठवून पाहा. तेव्हा तुम्हाला जे बोलता आले नाही, ते आज तुमची सून बोलत असेल.

शिक्षकांना एक वेगळे सांगायचे आहे. घरात दोन सत्ता असलेले मूल वर्गात लवकर ओळखू येते. ते फार नम्र असते, सगळ्यांना हवे ते उत्तर देते, आणि प्रत्येकाला वेगळे देते. त्याला लबाड म्हणून मोकळे होऊ नका. त्याच्या घरी जा. आई, बाप आणि आजी अशा तिघांना एकत्र बसवून बोला, एकेकाला गाठून नव्हे. कारण त्या मुलाला एकच गोष्ट हवी असते. घरातली मोठी माणसे आपल्याबद्दल एक शब्द बोलताहेत, आणि आपल्याला एकाच चेहऱ्याने घरात वावरता येते आहे. अलेक्झांडरला सारे मिळाले, ते तेवढे मिळाले नाही. तुमच्या गावातल्या पोराला ते मिळवून देणे कुणाही राजाराणीपेक्षा तुमच्या हातात अधिक आहे.